न चावणारे बूट

“कोनाचं माप घेऊन रायला बे?” गोमाजीमामांनी हातातली रापी न थांबवता विचारलं.

“कोनाचंच नाई.”

“कोनाचंच नाई म्हनते, आन् पोरीले तर कागदावर उभी केली.”

कुंदा कागदावर उभी नव्हतीच. एका हाताने मी तिला काखेतून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने जाड पेन्सिल तिच्या पावलाभोवती फिरवायची खटपट चालली होती. ती अकरा महिन्यांची. पेन्सिल जवळ आली की बोटं आवळायची, लांब गेली की पसरायची. तिसऱ्या कागदावर जे उमटलं ते पावलापेक्षा वांग्यासारखं जास्त दिसत होतं. मी त्याच्याभोवती अर्धं बोट जागा सोडून दुसरी रेघ मारली आणि कोपऱ्यात तारीख घातली. मोठ्यांच्या मापावर आम्ही तारीख घालायचो. पुढच्या वर्षी त्यांचा पाय तेवढाच असेल याची खात्री नसायची.

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. आमची वसाहत कुष्ठरोग्यांची; म्हणजे बरे झालेल्यांची. गोळ्यांनी आजार जातो, पण आजाराने नेलेलं परत येत नाही. गावी परतून कोणी घरात घेत नव्हतं, म्हणून आम्ही तिथेच राहिलो, तिथेच लग्नं केली. वसाहतीत विणकाम होतं, गोठा होता, आणि चपलांचा विभाग होता. त्या विभागात गोमाजीमामा आणि मी, असे दोघं. मामांच्या दोन्ही पायांना मिळून तीन बोटं उरली होती आणि जीभ मात्र पुरेपूर होती.

आमची चप्पल साधी नसते. तळाला टायरचा तुकडा, वर काळं मऊ रबर, चिमटीत धरलं तर दबून परत वर येईल असं. मागून पट्टा. खिळा एकही नाही. सगळं शिवलेलं किंवा सोल्यूशनने चिकटवलेलं. कारण ज्याच्या पायाची जाणीव गेली त्याला खिळा वर आलेला कळत नाही. डॉक्टर लोक अशा पायाला बधिर म्हणत. वसाहतीत म्हणत, मुका पाय. साध्या माणसाला नवी चप्पल चावली की तो ओरडतो, शिव्या घालतो, काढून हातात घेतो. आमच्या लोकांना चप्पल चावत नसे. म्हणजे चावायची, पण पायच सांगत नसे. संध्याकाळी फोड दिसे, आठवड्याने जखम, आणि वर्षाने बोट जाई. मी सतरा वर्षांचा असताना बुटात गेलेला एक खडा घेऊन तालुक्यापासून गावापर्यंत चाललो होतो, आठ मैल. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने चिकटला होता. आईने पाहिलं आणि किंचाळली, मी नाही. डाव्या पायाची दोन बोटं त्या खड्यानेच नेली, असं मी धरून चालतो.

म्हणून चपला करायला लागल्यावर मी हट्टाला पेटलो होतो. महिन्याला चाळीस जोड करायचो आणि माझा एकही जोड कोणाला चावलेला नव्हता. बाहेरगावच्या दवाखान्यातून माणसं यायची, “दौलतच्या हातची द्या” म्हणायची. गर्व म्हणा, मला चालेल.

तर माप घेऊन झालं आणि तेवढ्यात पंचफुला आली. माझी बायको विणकामात सुताच्या कांड्या भरायची आणि दुपारच्या सुट्टीत कुंदाला पाजायला न्यायची. दारातूनच तिने कागद पाहिला.

“हे काय हाय?”

“माप,” मी म्हणालो. “उभी राहून रायली आता. महिनाभरात चालन. आपल्या अंगणात किती गोटे, किती काटे, तूच पाय.”

“मंग?”

“मंग काय? लहान जोड करतो एक. मऊ.”

तिने माझ्यामागच्या काळ्या रबराच्या थप्पीकडे पाहिलं. पंचफुला मोठ्याने भांडणारी बाई नव्हती. तिचा आवाज उलट खाली यायचा, आणि मग मामासुद्धा काम थांबवायचे.

“त्या रबराचं करता? माह्या पोरीले?”

“चांगलं असते वं ते. दुकानातल्या बुटाहून—”

“येष्टीत कंडक्टर तोंड पायत नाई, पाय पायते. ते काळं रबर दिसलं की म्हनते, मांगं सरका. किरानावाला दुरून पैसे टाकाले लावते. आन् तुमी तेच तिच्या पायात घालता? तिचे पाय मुके हायेत का?”

“मुके नाईत म्हून का काटे टोचू द्यायचे?”

“हो,” ती म्हणाली. “टोचू द्या. टोचला की रडन. रडली की मी समजीन तिले बूट लागते. मंग बजारातून आना. लाल आना, पीं पीं वाजनारे आना. पन ती रडल्याबिगर नाई.”

तिने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि शेगडीत टाकला. मग कुंदाला कडेवर घेऊन गेली. मामा हसले नाहीत. रबर कापता कापता म्हणाले, “बाई बराबर बोलली.”

“मंग मी काय चूक बोललो?”

“तूही बराबरच बोलला. म्हून तर भांडन हाय.”

कुंदा बाराव्या महिन्यात चालायला लागली. पहिली चार पावलं आमच्या ओट्यावर टाकली, पाचव्याला बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. सगळी वसाहत पाहायला आली. आमच्याकडे मूल चालायला लागणं ही घरची गोष्ट नसायची. तिशी-चाळिशीची माणसं तिच्या पावलांकडे वाकून बघत बसायची. दहाची दहा बोटं, गुलाबी, टाच कांद्याएवढी. पहिले महिने आम्ही दोघं तिला आंघोळ घालायला भ्यायचो, कारण पाणी किती तापलं हे आमच्या हातांना कळत नव्हतं. वसाहतीच्या दवाखान्यात तपासणी करणारे पिंपळशेंडे सर होते, त्यांनी एक थर्मामीटर आणून न्हाणीत खिळ्याला टांगलं होतं. त्यावर लाल रेघ ओढून दिली होती. त्या रेघेवर आम्ही ती पोर वाढवली.

सर अकोल्याचे. वसाहतीत रोज पाचला घंटा व्हायची आणि सगळ्यांनी टाक्याच्या कडेला बसून पाय भिजवायचे, तेल लावायचं आणि तळवे उलटून पाहायचे. न दुखणारा पाय रोज डोळ्यांनी बघावा लागतो. सर काठाकाठाने फिरत ओरडायचे, “पाय पाय!” त्यांच्या बोलीत ‘पाहा’ला ‘पाय’ म्हणतात, आमच्याही. बाहेरचा नवा माणूस गोंधळायचा आणि आम्हाला हसायला मिळायचं.

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट. घंटा झाली, आम्ही टाक्यावर बसलो. कुंदा दिवसभर आमच्या डोळ्यांसमोर होती. सकाळी विभागात माझ्या पायाशी, दुपारनंतर विणकामात आईपाशी. खेळली, जेवली, पडली, उठली. एकदाही रडली नव्हती. पंचफुलाने आपले पाय पाहून झाल्यावर सहज गंमत म्हणून तिचेही पाय पाण्यात धुतले, तळवा उलटा केला आणि थांबली.

मी शेजारीच होतो. डाव्या टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात, बाभळीचा काटा होता. नुसतं टोक नाही. अर्धं पेर आत होतं. भोवतीची कातडी लाल होऊन पांढुरकी व्हायला लागली होती. म्हणजे सकाळचा असावा. ती त्यावर दिवसभर चालली होती.

पंचफुलाने झटकन ते पाऊल मुठीत झाकलं. समोर दहा-बारा माणसं आपापले पाय बघत बसली होती. तिने कुंदाला उचललं आणि ती घराकडे निघाली. मी मागून. माझ्या चपलेचा पट्टा लावायचाही राहिला होता.

घरात मी चिमट्याने काटा काढला. माझी बोटं चिमटा नीट धरत नाहीत, दोनदा सटकला. तिसऱ्यांदा निघाला. एक थेंब रक्त आलं. कुंदा माझ्या शर्टाच्या गुंडीशी खेळत होती. तिने एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा गुंडी ओढायला लागली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पंचफुलाने काटा कागदात बांधून चुलीत टाकला आणि भाकरी थापायला बसली. मी बाजेवर बसलो. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. काहीच वाटलं नाही. अंग आतून मुकं झाल्यासारखं झालं होतं. आजार पहिल्यांदा कळला तेव्हा मी असाच बसलो होतो, शाळेच्या आवारात, हातात डबा धरून. तेव्हाही आधी काही वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे नऊ दिवस आम्ही बोललो ते फक्त मीठ, पाणी, लाकूडफाटा इतकंच. आणि चोरून बघत राहिलो. मी बघायचो ती बघत नसताना, ती बघायची मी बघत नसताना. कुंदा ओट्यावरून पडली, रडली नाही. दाराच्या फटीत बोट आलं. हात झटकला आणि पुढे गेली. भूक लागली की रडायची, झोप आली की रडायची, मांजर पळून गेलं की तर आकांत. पण लागलं म्हणून नाही. नऊ दिवसांत एकदाही नाही.

दहाव्या दिवशी पंचफुला म्हणाली, “सरकडे चाला.”

पिंपळशेंडे सरांनी सगळं ऐकून घेतलं. कुंदाला टेबलावर बसवून अंगावर कुठे चट्टा आहे का, ते उजेडात नीट पाहिलं. कोपरापाशी, गुडघ्यापाशी नसा दाबून पाहिल्या. मग कापसाची वात करून तळव्यावर फिरवली. ती हसली. पेनाचं टोक हळूच लावलं. ती परत हसली आणि कापूस ओढून तोंडात घातला.

“याच्यावरून काहीच सांगता येत नाही,” सर म्हणाले. “ही तपासणी बोलणाऱ्या माणसाची. डोळे मिटायचे आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. हिला काय विचारणार? पण दौलत, ऐक. एवढ्या लहान लेकराला आजार झालेला मी बावीस वर्षांत पाहिला नाही. आणि तुम्ही दोघं गोळ्या पूर्ण करून बसलेली माणसं. तुमच्यापासून तिला काही होत नाही. हे मी लिहून देतो.”

“मंग काटा?” पंचफुला म्हणाली.

“अहो, पोरं खेळण्याच्या नादात असतात. माझ्या मोठ्याच्या पायात खिळा गेला होता, क्रिकेट संपेपर्यंत त्याला पत्ता नव्हता.”

“तुमच्या पोराचं येगळं हाय, सर.”

सरांनी पेन खिशाला लावलं. चांगला माणूस होता. पुढे रेटलं नाही. “दोन वर्षं थांबा,” ते म्हणाले. “बोलायला लागली की नीट तपासू. तोवर काही मनात आणू नका.”

दोन वर्षं. मी मनात सातशे तीस दिवस असा हिशेब केला आणि कुंदाच्या तोंडातला कापूस काढला.

परत येताना पंचफुला माझ्या पुढे चालत होती. कुंदा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. गोठ्यापाशी पंचफुला थांबली, पण वळली नाही.

“करा बूट,” ती म्हणाली.

“कोनते?”

“तुमाले म्हाईत नाई कोनते?” मग तिने स्वतःच सांगितलं, “त्या रबराचे करा. पन वरून दिसाले नाई पायजे. बजारातल्यासारखे बंद करा. लाल. कोनाले कळू देऊ नका.”

मी हो म्हणालो. दोन महिन्यांपूर्वी याच गोष्टीवरून आम्ही भांडलो होतो आणि आता मी जिंकलो होतो. एवढं वाईट जिंकणं मी कधी पाहिलं नाही.

बंद बूट मी कधी केला नव्हता. आमच्या चपला उघड्या. आतलं सगळं डोळ्यांना दिसतं आणि आमचं सगळं काम डोळ्यांवर. तरी केला. वसाहतीच्या जीपच्या सीटचं लाल रेक्झिन उरलं होतं, त्यातला बिनओरखड्याचा तुकडा निवडला. लाकडाचा लहान फर्मा, म्हणजे बुटाला आकार द्यायचा ठोकळा, चार संध्याकाळ कोरत बसलो. या वेळी माप घेताना कुंदा हलली नाही. पेन्सिलीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, हलायला हवी होती.

आत रबराचे दोन थर दिले. शिवण बाहेरच्या बाजूने घेतली. टोकाशी रेक्झिनला चुण्या पडत होत्या, तिथे दोरा दोनदा फिरवून आतून गाठ मारली आणि सोल्यूशन जरा सढळ लावलं, उसवू नये म्हणून. मामा सगळं बघत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “खिळा नको मारू.”

“मारला नाई.”

“मले दिसते. तरी सांगतो.”

दोन्ही बूट तयार झाल्यावर मी नेहमीप्रमाणे तपासले. उन्हात धरून आत पाहिलं. टाच दिसली, मधला भाग दिसला, टोकाकडे अंधार. करंगळी घालून टोकापर्यंत फिरवली. काही लागलं नाही. दुसऱ्या बुटातही नाही. मी ते फडक्याने पुसले आणि खरं सांगतो, तेवढे देखणे बूट माझ्या हातून पुन्हा झाले नाहीत. मामांनी एक हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि परत दिला. ते काही बोलले नाहीत, म्हणजे आवडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आम्ही तिला बूट घातले. पंचफुलाने तिला मांडीवर धरलं, मी पट्टे लावले. मामा कामावर जायच्या वाटेत थांबले होते, हातात चहाचा कप. कुंदाने बुटांकडे पाहिलं, पाय आपटून पाहिले, खूश झाली. पंचफुलाने तिला खाली उभी केली.

“चाल,” मी म्हणालो. “चाल बरं, कुंदे.”

ती चालली. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला थांबली. तिच्या तोंडावर एक भाव आला. मला तो ओळखता आला नाही. मग ती मटकन खाली बसली आणि तिने भोकाड पसरलं.

“पाय जड वाटत असंन,” मी म्हणालो. “सवय नाई तिले.”

पंचफुलाने उचलून परत उभी केली. “चाल माय, असं नाई करू. बूट घालाले लागते.” कुंदा पाय उचलून तिला लोंबकळायला लागली. उजवा पाय झाडत होती, ओरडत होती, चेहरा लालबुंद. मी पट्टा जरा सैल केला आणि पुन्हा उभी केली. ती किंचाळली. श्वास धरून किंचाळली. पंचफुलाने तिचे खांदे धरले होते, मी पाय जमिनीवर टेकवत होतो आणि दोघं समजूत घालत होतो. आम्ही दोघांनी मिळून एका वर्षाच्या पोरीला त्या बुटावर दाबून उभं केलं होतं. एकदा नाही, तीनदा. आज ते आठवलं की माझ्या हातांची मला लाज वाटते.

“अरे,” मामा म्हणाले. त्यांचा कप तसाच हातात होता. “अरे, चावत असंन तो बूट तिले.”

आम्ही दोघं थांबलो. कुंदा रडतच होती.

मामांनी तो शब्द स्वतःच परत एकदा म्हणून पाहिला. “चावत असंन.” वसाहतीत हा शब्द आम्ही चपलांविषयी रोज वापरत होतो, पण समोरच्या माणसाला आत्ता चावतोय, अशा अर्थाने तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता. पंचफुलाच्याही नाही. मूल बुटात रडतं म्हणजे बूट चावतो, हे जगातल्या कुठल्याही आईबापाला पहिल्या झटक्यात सुचलं असतं.

मी पट्टा काढला. बूट ओढला. कुंदाचा आवाज खाली आला आणि ती हुंदके देत पायाकडे वाकली. उजव्या अंगठ्याच्या वरच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. डोळे मिटले नव्हते, कोणी विचारलंही नव्हतं. तरी बोट बरोबर तिथेच ठेवलं.

“आत काय हाय?” पंचफुलाने विचारलं. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला तोंड बघून कळलं. तिने बुटात बोट घातलं, काढलं. माझ्याकडे दिला. मी घातलं. आम्हाला काही लागलं नाही. तिची बोटं मनगटापासून मुकी, माझी तशीच, मामांची तर आखडून वाकलेली, आत जातच नव्हती.

मी कमरेची रापी काढली आणि बूट टोकापासून टाचेपर्यंत उभा चिरला. रेक्झिन दोन्ही बाजूंना पसरलं. टोकाशी, दोऱ्याची गाठ होती तिथे, सोल्यूशनचा थेंब वाळून टणक झाला होता. अणकुचीदार. मी काल करंगळी फिरवली होती ती याच्याचवरून.

“तुह्या बुटात?” मामा म्हणाले.

“माह्या बुटात.”

“चावला?”

“चावला.”

पंचफुला ओट्यावर बसली. तिने कुंदाचा पाय दोन्ही हातांत घेतला, तो लाल ठिपका तोंडाजवळ नेला आणि बघत राहिली. मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. तिने माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, “आता तिले बूट नको ना?”

“नको,” मी म्हणालो.

मामा चहा तिथेच ठेवून निघाले. त्यांना भरभर चालता येत नसे. पायाची बोटं गेलेला माणूस टाचांवर डुलत जातो. ते तसेच डुलत विणकामाच्या शेडकडे गेले, तिथून गोठ्याकडे, आणि प्रत्येक दारात उभं राहून सांगत सुटले, “दौलतचा बूट चावला! दौलतच्या हातचा बूट पोरीले चावला!” लोक आधी माझ्यासाठी हळहळले. मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं. शेडमधले माग एकेक करून बंद पडले.

मला मात्र काही वाटलं नाही. लोक आले, कोणी गूळ आणला, सर सायकलवरून आले, त्यांनी तो ठिपका पाहिला आणि चष्मा काढून पुसत राहिले. मी सगळ्यांशी बोललो, हसलो, आणि आतून जसाच्या तसा. तिसऱ्या दिवशी विभागात एका म्हाताऱ्याच्या पायाचं माप घेताना पेन्सिल थांबली आणि मी रडायला लागलो. म्हाताऱ्याला वाटलं, मी त्याचा पाय बघून रडतोय. तो माझीच समजूत घालत बसला.

बूट आम्ही त्या वर्षी घेतलेच नाहीत. बाजारातलेही नाहीत. पंचफुला म्हणाली, फिरू दे तिला तशीच, आणि ती अनवाणी फिरली. काटे लागले, गोटे लागले, तापलेल्या दगडावर एकदा पाय पडला. पहिल्यांदा भोकाड पसरलं तेव्हा जणू तिला सापडलंच कसं पसरायचं ते. त्यानंतर कसलंही लागलं तरी ती सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल इतकी रडायची. मी हातातलं टाकून धावायचो. आणि पंचफुला घरातून, चुलीपुढून न उठता, मला अडवायची.

“थांबा नं जरा,” म्हणायची. “घाई काय हाय उचलाची? थोडी रडू द्या तिले.”